वायांग कुलित: पडद्याच्या कोणत्या बाजूला बसायचं?

पल्लवी_भटकी: पुढच्या महिन्यात जावात, योग्याकार्ताला जातेय. जवळच्या एका गावात रात्रभराचा वायांग कुलित, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, बघायचा योग आहे. जावानीजचा गंध नाही, महाभारत मात्र तोंडपाठ. तेवढ्यावर निभेल? आणि बसायचं कुठे, सावल्यांकडे की दालांगकडे (बाहुल्या नाचवणाऱ्याकडे)?

सोलोकर: बिनधास्त दालांगच्या पाठीमागे बसा. जावातल्याच सोलो शहरात नोकरीला होतो तेव्हा मीही सावल्यांकडून सुरुवात करायचो आणि हळूच इकडे सरकायचो. म्हशीच्या कातड्यावरची ती कोरीव जाळी, तो सोनेरी रंग इकडूनच दिसतो. शिवाय खुद्द दालांग! सगळ्या पात्रांचे आवाज एकटाच काढतो, दोन्ही हातांनी बाहुल्या नाचवतो, आणि हात गुंतले की पायाच्या बोटांत लाकडी ठोकळा धरून पेटीवर ठोकतो. त्या ठोक्यांवर गामेलानवाले, म्हणजे साथीचे वादक, चाल बदलतात. बाहुल्या केळीच्या खुंटात खोचलेल्या असतात: पांडव त्याच्या उजव्या हाताला, कौरव डाव्या.

नऊच्या सुमारास सुरू होतं. आधी दरबार आणि लांबलचक संवाद, तेव्हा खुशाल डुलकी काढा, कुणी काही म्हणत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास गारा-गारा नावाचा भाग लागतो, तेव्हा मात्र जागं राहायचं. ढेरपोट्या सेमार आणि त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग येतात आणि हशा पिकतो. सेमार दिसायला नोकर, पण मुळात देव, बतारा गुरूचा म्हणजे शंकराचा भाऊ.

बिमाकडे (आपला भीम) कान द्या. थोरांशी जावानीजच्या अदबीच्या रूपात, क्रोमोत बोलायची रीत, पण हा गडी देवांशीसुद्धा साध्या बोलीत, न्गोकोतच बोलतो. अपवाद एकच, त्याला ज्ञान देणारा इवलासा देव, देवा रुची.

छायावेडा: सोलोकर, साफ असहमत. दालांग बाहुली पडद्यापासून दिव्याकडे नेतो तेव्हा सावली फुगत जाते, कडा विरतात. पाठीमागे बसून ते काय दिसणार? पल्लवीताई, अर्धा तास तरी तिकडे बसाच.

पल्लवी_भटकी: दोन्हीकडे बसेन! पण कथा आपलीच ना? आणि बघणारे तर बहुतेक मुसलमान असतील.

सोलोकर: मुसलमानच, आणि दालांगही बहुतेक मुसलमानच. युधिष्ठिराकडे कालिमासादा नावाचं दैवी शक्तीचं पुस्तक असतं, त्याचा संबंध तिथले लोक कलमा शहादतशी (इस्लामवरच्या श्रद्धेच्या वचनाशी) जोडतात. कथा मात्र आपली समजून जाऊ नका. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको. शिखंडीची झाली श्रीकांडी, धनुर्धारी बाई, अर्जुनाची बायको. तिथे कुणाला ‘हे चुकलंय’ म्हणून समजावायला जाल तर शोभा होईल. केदिरीच्या जयभय राजाच्या काळात, 1157 मध्ये, एंपू सेदा आणि एंपू पनुलूह यांचं भारतयुद्ध काव्य लिहिलं गेलं. तेव्हापासून धरलं तरी साडेआठशे वर्षं हे महाभारत त्यांचंच आहे.

जायच्या आधी आयोजकांकडून लाकोन म्हणजे त्या रात्रीचं कथानक विचारून ठेवा. बरीचशी तिथेच रचलेली असतात, आपल्या पोथीत शोधून सापडणार नाहीत.