आरोग्य केंद्रातल्या बाळंतिणींना संच द्यायचाय, यादी बघून सांगा (चोपडा तालुका)

सातपुडा_पायथा: आमचा महिला बचत गट इथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एप्रिल-मेमध्ये बाळंतिणींना संच देणार आहे. महिन्याला साधारण वीस बाळंतपणं होतात, निम्म्या बाया पाड्यांवरच्या. ४० संचांपुरते पैसे जमलेत. यादी अशी: लोकरीचं टोपडं आणि मोजे, ब्लँकेट, बेबी पावडर, साबण, दुधाची बाटली, दूध पावडरचा डबा, डिंकाचे लाडू. खरेदी रविवारी आहे, त्याआधी सांगा.

तापीकाठ: ताई, बाटली आणि पावडरचा डबा आधी काढा. बाळाची दूध पावडर आणि बाटल्यांवरच्या १९९२च्या कायद्यानुसार तुमच्यासारख्या गटाला या दोन वस्तू आईला दान देता येत नाहीत. कायदा झालाच, पण नुकसान मोठं आहे. बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध तयार होतं. पावडरीनं पोट भरलं की ते अंगावर कमी ओढतं, आईचं दूध आटतं आणि तोवर डबा संपलेला असतो. मग पुढचा डबा पाणी वाढवून पुरवला जातो, बाटली उकळली जात नाही, आणि बाळाला हगवण लागते.

त्याऐवजी स्टीलची छोटी वाटी आणि चमचा घाला. अशक्त बाळाला ओढता आलं नाही तर आईचं काढलेलं दूध त्यातून पाजता येतं. बाळ चमच्यानंही घेत नसेल तर मात्र घरी प्रयोग नकोत, तडक दवाखाना.

बेबी पावडरही नको, ती श्वासातून आत जाते. काजळ, मध, गुटी यांतलं काहीही संचात घालू नका.

दादर_ज्वारी: लोकर एप्रिल-मेसाठी चुकीची. आपल्याकडच्या उन्हात टोपडं-मोजे-ब्लँकेट घातलेलं बाळ तापतं आणि घरचे ताप आला समजून आणखी गुंडाळतात. या दोन महिन्यांसाठी मऊ सुती कापडाचे मीटरभर लांब-रुंद चार तुकडे, सहा लंगोट, दोन बंदाची झबली, एक पातळ सुती टोपडं. सेफ्टी पिन, बटण, घट्ट इलॅस्टिक नको. नायलॉनची जाळी दिसते छान, पण ओल शोषत नाही. नव्या कापडातली खळ धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच बांधा. लोकरीचे पैसे डिसेंबर-जानेवारीच्या संचासाठी राखा, पायथ्याच्या गावांत तेव्हा खरंच लागते.

आणखी एक, हे बहुतेक गटांकडून राहतं. चारपैकी दोन कापडं बाळंतपणाच्या *आधी* आईच्या हातात हवीत. जन्मल्याबरोबर बाळ एका कापडानं पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं आणि दुसऱ्या कोरड्यात, आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून झाकायचं. संच दुसऱ्या दिवशी मिळाला तर सर्वांत गरजेची वेळ निघून गेलेली असते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते. दिवस भरत आलेल्यांना तिथेच ही दोन कापडं द्या. कोण त्या आहेत ते आरोग्य सेविकेच्या नोंदवहीत सापडेल.

सातपुडा_पायथा: हे सुचलंच नव्हतं. साबण आणि लाडवांचं काय?

तापीकाठ: साबण ठेवा, पण हात धुण्यासाठी. बाळाला पहिले २४ तास अंघोळ नको, वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर आणखी थांबावं, कधी ते सिस्टर सांगतील. नाळेला काहीही लावायचं नाही, तेल नाही, राख नाही, हळद नाही. कोरडी राहिली की आपोआप पडते. आईसाठी मोठ्या पॅडची दोन पाकिटं घाला, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं तर लगेच सिस्टरला सांगायचं हे तोंडी समजावून.

डिंकाचे लाडू मे महिन्यात तुपासकट पाघळतात आणि खवट होतात. अर्धा किलो भाजलेले शेंगदाणे, अर्धा किलो गूळ, किलोभर मुगाची डाळ द्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या विकत घेऊ नका, सहा महिने पुरतील एवढ्या सरकारकडून मिळतात. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, अशा बाईच्या गोळ्या डॉक्टरच ठरवतात. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून आहे, तिला भरपूर पाणी प्यायला सांगा. बाळाला मात्र सहा महिने पाण्याचा थेंबही नको, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात पाणी असतंच.

हिरवी_केळ: माझं मत, संच तीसच करा आणि उरलेल्या पैशांतून बाळंतिणीसोबतच्या बाईला जेवणाचा डबा द्या. नॉर्मल बाळंतपणानंतर ४८ तास केंद्रात राहायला हवं, कारण रक्तस्राव आणि बाळाच्या श्वासाचा त्रास बहुतेक त्याच काळात दिसतो. बाळंतिणीला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून जेवण मोफत आहे, सोबत आलेल्या सासूला किंवा नणंदेला नाही. ती उपाशी राहिली की दुसऱ्या दिवशी सगळे घरी निघतात. दोन वेळा भाकरी, डाळ आणि एखादी भाजी एवढं पुरे. घरी सोडायला १०२ची गाडी मोफत असते, तिची वेळ आदल्या दिवशी सांगून ठेवा.

सातपुडा_पायथा: तीस संच आणि डबे, ठरलं. माहितीपत्रक छापावं का?

हिरवी_केळ: नको. पाड्यांवरच्या बाया पावरी ही आदिवासी बोली बोलतात, कागद चुलीत जातो. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, त्यांच्याकडूनच बायांच्या बोलीत सांगून घ्या. धोक्याच्या खुणा मोजक्या: बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, छाती आत ओढत श्वास घेतं, तळहात-तळपाय पिवळे, झटके, नाळेतून पू. एक जरी दिसली तर १०८ला फोन.

वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी खरेदीआधी घ्या. वाटप करताना बाळंतिणीचे फोटो काढू नका.