अनुभव धागा: पोलरॉइड, इन्स्टॅक्स आणि हातात पडणारा फोटो

मोबाईलमध्ये फोटो फुकट असताना, काढल्या काढल्या कागदी फोटो देणाऱ्या इन्स्टंट कॅमेऱ्याच्या फिल्मच्या एकेका पाकिटासाठी पैसे मोजणारी मंडळी आपल्यात बरीच आहेत. कॅमेरा कुठून आला, काय टिपलंत, आणि ही फिल्म आणखी वीस वर्षं मिळेल असं वाटतं का, ते लिहा. लहान-मोठं कसंही चालेल.

घाटवाट
आमच्या स्टुडिओत चार भिंगांचा पोलरॉइड होता. एका दाबात चार पासपोर्ट फोटो. फिल्मची पट्टी सरळ आणि एका दमात ओढायची. हात मध्येच थांबला की चेहऱ्यावर आडवा पट्टा उमटलाच. मग घड्याळाकडे नजर ठेवून थांबायचं आणि वरचा कागद सोलायचा. त्याला चिकट रसायन असे, म्हणून बाबा तो लगेच दुमडून डब्यात टाकत. थंडीत फोटो उमटायला वेळ लागायचा, तेव्हा न सोललेली जोडी ते चक्क काखेत धरून उभे राहायचे. व्हिसाच्या घाईतली गिऱ्हाइकंही हसायची. पुढे डिजिटल प्रिंटर आला. २०१६ मध्ये फुजीने एफपी-१००सी ही आमच्या कॅमेऱ्यात बसणारी सोलायची फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "कॅमेरा विकू नकोस." विकलेला नाही. पण त्यात घालू काय?

चष्मिस
घाटवाट, आमच्याकडेही असाच एक शोकेसमध्ये आहे. काकांनी अमेरिकेहून आणलेला कोडॅकचा इन्स्टंट कॅमेरा. पोलरॉइडने कोडॅकवर १९७६ मध्ये पेटंटचा खटला भरला, निकाल पोलरॉइडच्या बाजूने लागला आणि जानेवारी १९८६ मध्ये कोडॅकला या धंद्यातून बाहेर पडावं लागलं. यंत्र आजही ठणठणीत आहे म्हणे.

डाइकवरची_सायकल
मी नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून इथल्या एन्स्खेडे शहरातल्या पोलरॉइड फिल्मच्या कारखान्याबद्दल लिहायलाच हवं. २००८ मध्ये पोलरॉइडने फिल्म बंद करायचं ठरवलं. तेव्हा फ्लोरियन काप्स हा पोलरॉइडप्रेमी आणि त्याच कारखान्यातले आंद्रे बोसमन यांनी पुढाकार घेऊन तिथली यंत्रं विकत घेतली. नाव ठेवलं 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट'! यंत्रं हाती आली, पण जुनी रसायनं मिळेनात, त्यामुळे फिल्म जवळजवळ नव्याने घडवावी लागली. २०१० मधली ती फिल्म प्रकाशाला भलतीच हळवी होती. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्याच्या तोंडाशी हात आडवा धरायचा आणि तसाच अंधारात, जॅकेटच्या आत सरकवायचा. रस्त्यातले लोक बघत राहायचे. आता तिथेच पोलरॉइडच्या नावाने फिल्म बनते आणि फोटो बाहेर आल्या आल्या झाकायची सवय काही माझी जात नाही.

मोगरा_८
भावाच्या लग्नात पाहुण्यांच्या वहीसाठी इन्स्टॅक्स मिनी, म्हणजे फुजीचा छोटा इन्स्टंट कॅमेरा, ठेवला होता. आजीच्या हातात पांढरं कार्ड दिलं, तर म्हणाली, "कोराच आलाय गं," आणि पदराने पुसायला लागली. पुसता पुसता तिची नथ दिसायला लागली! मग तिने तो वहीत चिकटवू दिला नाही. कमरेच्या बटव्यात गेला.

खडूस
फोटो हलवू नका रे. सगळं बंद थरांच्या आत घडतं, वारा घालून काही होत नाही.

हिशेबनीस
पोलरॉइडच्या पाकिटात आठ फोटो, त्यातले दोन वाया. हौस आहे, मान्य. पण हे टिकणार कसं?

वऱ्हाडी_ठेचा
हिशेबनीस, विकत घेतलं तर टिकेल. जुन्या फिल्मची पाकिटं चढ्या भावात घेऊन साठवणाऱ्यांमुळे कुठलाही कारखाना चालत नाही. ताजी घ्या आणि वापरा. इन्स्टॅक्स १९९८ पासून आहे आणि आज तो कॉलेजच्या पोरींच्या पर्समध्ये दिसतो. माझी भिस्त त्यांच्यावरच आहे, आपल्यासारख्या संग्राहकांवर नाही. बाकी आमच्याकडे मे महिन्यात पोलरॉइड बाहेर काढायची सोय नाही. कंपनी सांगते १३ ते २८ अंश, इथे पंखासुद्धा गरम वारा फेकतो, फोटो पिवळट-लाल होतात. पाकिटं फ्रीजमध्ये लोणच्याशेजारी असतात, फक्त फ्रीझरमध्ये ठेवू नका. आणि घाटवाट, त्या चार भिंगांच्या कॅमेऱ्याचा एक फोटो टाका ना, मोबाईलने काढलेला चालेल.