हार्लेम १९६९ : पैसे कॅमेऱ्यावर घालायचे की माणसांवर?

रीळउलगडा (धागाकर्ता)

जूनटीन्थ (१९ जून, अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याची आठवण) जवळ आला की अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीय समाजाचे मोफत उत्सव भरतात. सिनेमा, चित्रं, गाणं, गोष्टी, सगळं एका मैदानात. तिकडे असलेले आणि स्वयंसेवक म्हणून हात लावणारे मराठी वाचक इथे आहेत, म्हणून हा वाद उकरतो.

१९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या माउंट मॉरिस पार्कात (आजचं मार्कस गार्वी पार्क) २९ जून ते २४ ऑगस्ट या काळात सहा रविवार हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल झाला. प्रवेश फुकट. स्टेजवर निना सिमोन, स्टीव्ही वंडर, महालिया जॅक्सन, बी. बी. किंग, स्लाय स्टोन, दक्षिण आफ्रिकेचे ह्यू मासेकेला. एकूण गर्दी तीन लाखांच्या आसपास धरतात. टीव्ही निर्माते हॅल टलचिन यांनी दोन इंची व्हिडिओ टेपवर सुमारे चाळीस तासांचं चित्रण केलं, आणि त्यातलं बहुतेक सगळं पन्नास वर्षं त्यांच्या तळघरात पडून राहिलं. २०२१ मध्ये संगीतकार क्वेस्टलव्ह यांनी त्यातून ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट उभा केला, २०२२ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्याच ऑगस्टमध्ये दीडेकशे किलोमीटरवर झालेल्या वुडस्टॉक या रॉक संगीताच्या उत्सवाचा सिनेमा मात्र १९७० मध्येच थिएटरात लागला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. कलाकारांच्या मानधनानंतर दुसरा खर्च रेकॉर्डिंगचा. कमान, टी-शर्ट, फुगे त्यानंतर.

आणि हा खर्च वाटतो तेवढा नाही. तीन कॅमेरे पुरतात : एक पूर्ण स्टेजवर स्थिर, एक गाणाऱ्यावर, एक प्रेक्षकांकडे तोंड करून. तिसरा लोक हमखास विसरतात आणि मग संकलनाच्या वेळी कापायला जागाच मिळत नाही. खरी चूक होते आवाजात. मिक्सरमधून निघणारी तयार दोन-चॅनलची जोडणी घेऊन लोक खूश होतात. लहान मैदानात ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर मुळातच मोठ्याने ऐकू येतात, म्हणून मिक्सरवाला ते स्पीकरमध्ये कमी ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये नुसता गळाच पुढे येतो आणि गर्दी तर नसतेच. त्यामुळे प्रत्येक चॅनल वेगळा घ्या, शिवाय प्रेक्षकांत दोन माइक लावा. ३२ चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे तासाला सुमारे १७ जीबी. एक साधी हार्ड डिस्क. रडत बसण्यासारखं त्यात काही नाही.

चौकातला

साफ असहमत.

हार्लेममध्ये कॅमेरा नव्हता का? होता. चाळीस तास चालला. मग पन्नास वर्षं अडलं कुठे? विकत घेणारा नव्हता म्हणून. तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं.

दुसरं, ‘कुणी पाहिलंच नव्हतं’ ही कथा जाहिरातीला बरी आहे. त्याच वर्षी त्यातले एकेक तासाचे कार्यक्रम अमेरिकन टीव्हीवर दाखवले गेले होते. चित्रण हरवलं नव्हतं, दडपलंही नव्हतं. त्याला दुसरा दिवस मिळाला नाही, एवढंच. कॅमेरा हा दुसरा दिवस विकत घेऊ शकत नाही.

ते पैसे पाण्याच्या पिंपांना, सावलीला, फिरत्या शौचालयांना आणि म्हाताऱ्यांसाठी खुर्च्यांना द्या. ऑगस्टच्या उन्हात तीन तास उभं राहिलेल्या आजीला कॅमेऱ्याचा काय उपयोग?

रीळउलगडा

खुर्च्या आणि सावली हवीच, त्यावर वाद नाही. पण विकत घेणारा आज नसला तरी टेप असली तर उद्या येतो. टेप नसली तर कुणी येऊन तरी काय घेणार?

दोन लक्स

वादात कुणाची बाजू घेत नाही, पण कॅमेरा लावणार असाल तर नीट लावा. अर्धवट लावलेला कॅमेरा या उत्सवात विशेष अन्याय करतो.

रंगीत फिल्म आणि छपाईची मापं कित्येक दशकं गोऱ्या त्वचेच्या नमुना-कार्डावर बेतलेली होती. आजचे कॅमेरे खूपच सुधारले आहेत, पण ‘ऑटो’वर टाकलं की ते पूर्ण चौकटीची सरासरी काढतात. मागे उजळ आकाश किंवा पांढरा पडदा असला की कॅमेरा उजेड आत घेणारं छिद्र आवळतो आणि गडद चेहऱ्याचे नाक-डोळे सपाट काळ्यात जातात. उपाय :

मागचा पडदा पांढरा नको. गडद निळा, मातकट, विटकरी चालेल.

एक्सपोझर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) हाताने ठरवा, आणि चेहऱ्यावरून ठरवा. शर्ट थोडा जळला तरी चालेल.

दिवा समोरून भगभगीत नको. बाजूने, मोठ्या मऊ पृष्ठभागावरून यावा. गडद त्वचेचा आकार तिच्यावरच्या चकाकीतून दिसतो, म्हणून मेकअपवाल्याला पावडर थोपू देऊ नका.

हार्लेमला दिव्यांचे पैसेच नव्हते. त्यांनी स्टेजचं तोंड पश्चिमेला ठेवलं आणि दुपारपासून मावळतीपर्यंतचं ऊन कलाकारांच्या अंगावर घेतलं. प्रेक्षकांच्या पाठीला सूर्य, म्हणून त्यांचेही डोळे दिपत नाहीत. दमडी न खर्चता केलेली याहून चांगली प्रकाशयोजना मला माहीत नाही.

चौकातला

म्हणजे कॅमेऱ्यासाठी स्टेज फिरवलं आणि कलाकाराला उन्हात भाजलं. धन्यवाद, माझा मुद्दा सोपा केलात.

कनातवाली

@चौकातला, आडवं लावू नका. वर एक पातळ पांढरं कापड ताणलं की ऊन चाळून येतं, कलाकार भाजत नाही आणि चेहऱ्यावरच्या कडक सावल्याही जातात. कापड सैल ठेवू नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं.

मला खरा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीवर आहे. धाग्यात सगळे गाण्यावर बोलताहेत, सिनेमाचा विषय कुणीच काढला नाही. सिनेमा मैदानातच दाखवा. सभागृह म्हटलं की तिकीटखिडकी, रखवालदार, ‘आपलं काम नाही बाबा’ हा संकोच. मैदानात माणूस भाजीची पिशवी घेऊन उभ्या उभ्या अर्धा सिनेमा पाहतो आणि पुढच्या वर्षी सतरंजी घेऊन येतो.

दोन लक्स

इथे मात्र बाजू घेतो, तुमच्या विरुद्ध.

हिशोब करा. पडदा ६ मीटर रुंद, ३.४ मीटर उंच, म्हणजे साधारण २०.४ चौरस मीटर. थिएटरच्या पडद्याच्या उजळपणाचं ठरलेलं माप आहे ४८ निट. साध्या मॅट पडद्यावर ते गाठायला पूर्ण अंधारात प्रोजेक्टरचे सुमारे ३,१०० लुमेन (एकूण उजेडाचं माप) पडद्यावर पोचावे लागतात. आता मैदानाकडेच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा १० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड त्याच पडद्यावर सांडला, तर तिथे काहीच न दाखवता ३.२ निट उजेड कायमचा बसला. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळं यांतलं प्रमाण उरलं फक्त १६:१. प्रोजेक्टर तिप्पट केलात, जवळजवळ ९,३०० लुमेन, तरी ४६:१.

दुपारच्या उजेडातला विनोदी सिनेमा एवढ्यावर निभावतो. पण रात्रीच्या प्रसंगातला काळा चेहरा, मागे काळी भिंत? छायाचित्रकाराने जीव ओतून वेगळ्या केलेल्या त्या सगळ्या काळ्या छटा त्या ३.२ निटमध्ये बुडतात. कृष्णवर्णीयांच्या सिनेमाचा सोहळा म्हणायचं आणि पडद्यावर त्यांचेच चेहरे दिसू द्यायचे नाहीत, हे मला पटत नाही. असे सिनेमे शाळेच्या अंधाऱ्या हॉलमध्येच.

कनातवाली

हिशोब मान्य, निष्कर्ष अमान्य. १० लक्स हे काही विधिलिखित नाही. पडद्याची पाठ दिव्यांच्या रांगेकडे करा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटरची काळी कनात पुढे झुकवून लावा. मैदानाकडचे दोन-तीन दिवे त्या रात्रीपुरते बंद ठेवायला पालिकेकडे आधीच अर्ज द्या. पडद्यावर १ लक्स आला तर काळ्याची पातळी ०.३२ निटवर येते आणि तुमच्याच तिप्पट प्रोजेक्टरवर प्रमाण साडेचारशेच्या वर जातं.

उरलेल्या नेहमीच्या चुका : सूर्य मावळला रे मावळला की सुरू करणं. किमान चाळीस मिनिटं थांबा. न्यूयॉर्कला जूनअखेर सूर्य साडेआठला मावळतो, म्हणजे सिनेमा नऊ-सव्वानऊला. त्याआधी गोष्टी ठेवा. हवेने फुगणारा पडदा घेतलात तर त्याचा पंखा सतत घरघरतो, स्पीकर पंख्यापासून लांब ठेवा, आणि पडदेवाल्याने दिलेली वाऱ्याची मर्यादा लेखी घ्या. मैदान लांब असेल तर मागचे स्पीकर उशिराने वाजले पाहिजेत : आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या जोडीला १०० मिलिसेकंद. हे केलं नाही की मागच्यांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो आणि ते उठून जातात. मग आपण म्हणतो, लोकांना रस नाही.

गोष्टीवेल्हाळ

‘त्याआधी गोष्टी ठेवा’ हे वाक्य हायलाइट करून ठेवा. नेहमी गोष्टींचा कोपरा गाण्याच्या स्टेजच्या वेळेलाच, झाडाखाली, ‘जरा लांब’ लावतात. लांब म्हणजे किती? स्टेजपासून १० मीटरवर १०० डेसिबल असेल तर उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. ८० मीटरवरही ८२ उरतात. साधं बोलणं एका मीटरवर साठ-पासष्ट. कितीही मोठा गोष्टीवाला बसवा, हरणारच. वेगळी जागा पुरत नाही, वेगळी वेळ लागते.

चित्रांचंही तसंच. जलरंग आणि छापचित्रांना संग्रहालयात ५० लक्सच्या आसपास उजेड देतात. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. मैदानात प्रतीच लावा, मूळ चित्रं आत.

वागादुगु एक्स्प्रेस

मैदान, वस्ती, लोकसहभाग... हे सगळं ऐकायला गोड आहे. हार्लेमचा तो उत्सव १९६७ ते ६९ चालला आणि संपला. त्याच १९६९ मध्ये अप्पर व्होल्टाच्या, म्हणजे आजच्या बुर्किना फासोच्या राजधानीत, वागादुगूत, आफ्रिकी सिनेमाचा सप्ताह सुरू झाला. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन त्याच्या सुरुवातीच्या मंडळींत. १९७२ पासून त्याचं नाव फेस्पाको, मोठं पारितोषिक येनेन्गा राजकन्येचा घोडा. तो आजही एक वर्षाआड भरतो आणि अख्खं शहर त्यात उतरतं. फरक काय? सरकारने तो आपला मानला, चित्रपटगृहं दिली, १९८९ मध्ये आफ्रिकी सिनेमांचं संग्रहालय उभारलं. कॅमेरा की खुर्च्या हा वाद तळमजल्यावरचा आहे. आधी कायमची संस्था हवी.

चौकातला

संस्था झाली की नियम येतात. फेस्पाकोच्या मुख्य स्पर्धेत २०१३ पर्यंत ३५ मिमीची प्रिंटच लागत होती, डिजिटल २०१५ पासून. अनेक लहान निर्माते तोवर केव्हाच डिजिटलवर गेले होते, प्रिंटचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. आणि इतक्या वर्षांत सोन्याचा घोडा एकाही दिग्दर्शिकेला गेलेला नाही. संस्था टिकली, मान्य. कुणासाठी, तेही विचारा.

वर्गणीबुक

इतका वेळ गप्प होतो, कारण सगळे यंत्रांवर बोलत होते. अडतं ते कागदावर.

हार्लेमचा प्रायोजक कॉफीची कंपनी होती, मॅक्सवेल हाउस. काहींना यात बाटल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही, फक्त करारात लिहून घ्या की प्रायोजकाला जाहिरातीचा हक्क आहे, चित्रणाचा नाही. आपल्याकडे चौदा एप्रिलचा मांडव वर्गणीवर उभा राहतो, पावतीपुस्तकात प्रत्येक दहा रुपयांचा धनी दिसतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेवरून घेतलं. वर्गणीची ही रीत तिकडे उलट पाठवण्यासारखी आहे. आणि पँथर म्हटलं म्हणून : हार्लेमच्या त्या कार्यक्रमात बंदोबस्ताला ब्लॅक पँथरचे कार्यकर्तेही होते. ते वस्तीचे होते, हेही एक प्रकारचं भांडवलच.

आता कागद. कलाकार स्टेजवर चढण्याआधी सही घ्या, उतरल्यावर कुणी सापडत नाही. अर्जात चार गोष्टी पाहिजेत : कुठे दाखवणार, किती वर्षं, पैसे आले तर वाटा किती, आणि कलाकाराच्या रेकॉर्ड कंपनीची परवानगी कोण आणणार. गाणं रचणाऱ्याचा हक्क वेगळा असतो; गायकाने सही केली म्हणून गाणं मोकळं होत नाही. ‘तहहयात, सर्व माध्यमांत, सर्व हक्क’ असं छापू नका. ते लिहून घेणाऱ्यांविरुद्धच हा उत्सव आहे.

सिनेमाचंही तेच. घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून मैदानात सिनेमा दाखवता येत नाही, प्रवेश फुकट असला तरी. हक्कधारकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना घ्या. हॉलमध्ये कुलूपबंद डीसीपी (थिएटरसाठीची सिनेमाची डिजिटल प्रत) चालवणार असाल तर त्याची डिजिटल किल्ली ठराविक तारखा-वेळांपुरतीच उघडते आणि ठराविक यंत्रावरच चालते. ती दोन दिवस आधीपासून उघडेल अशी मागा आणि आदल्या दिवशी आवाज नि उपशीर्षकं चालवून बघा. ज्या यंत्रासाठी किल्ली काढली तेच ऐन वेळी बदललं की जुनी किल्ली कामाची नाही.

रीळउलगडा

@वर्गणीबुक, हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं, माझी चूक. @चौकातला यांचाही अर्धा मुद्दा घेतो : विकत घेणारा हवा. पण तोवर जपायचं कुणी? टेपचा चिकटद्रव हवेतली ओल शोषतो, मग टेप यंत्राच्या हेडला चिकटते आणि चुंबकी थर खरवडून निघतो. अशा काही टेपा ५० ते ५५ अंशांवर काही तास ‘भाजून’ थोड्या काळापुरत्या वाजवता येतात, तेवढ्यात प्रत काढून घ्यायची. हार्ड डिस्कला तर भाजायचीही सोय नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात.

चौकातला

तिसरी प्रत आयोजकाच्या तळघरात ना?

रीळउलगडा

नाही, वाचनालयात. माउंट मॉरिस पार्कपासून दहा-बारा गल्ल्यांवर, १३५ व्या रस्त्यावर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा शॉम्बर्ग संग्रह आहे, १९२६ पासून. कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठीच वाहिलेला. तळघरापेक्षा बरी जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती.

वर्गणीबुक

वाचनालय पेटी ठेवून घेईलही. सह्यांचे कागद सोबत नसतील तर लोकांना दाखवू मात्र शकणार नाही. अर्जाचा मसुदा टाकू का इथे?