रॉटवायलर घरी येतोय: नागपुरात ‘धोकादायक’ कुत्र्यासाठी नियम काय आहेत? सल्ला हवा

बेसावाला
नमस्कार मंडळी. लहान भावाची बदली झाली आणि तिकडचा फ्लॅट लहान आहे, म्हणून त्याचा रॉटवायलर आता आमच्याकडे राहायला येणार आहे. ब्रुनो, चार वर्षांचा नर. आमचं नागपूरच्या बेसा भागात रो-हाउस आहे, समोर अंगण, कंपाउंडची भिंत छातीएवढी. घरात आई आणि दुसरीतली मुलगी. ही गोष्ट कॉलनीत कळल्याबरोबर अध्यक्षांनी ग्रुपवर केंद्र सरकारचं पत्र टाकलं, की २३ जाती धोकादायक आहेत, रॉटवायलर त्यात आहे, कुत्रा आणू नका. काही शेजाऱ्यांना खरोखरच भीती वाटते आणि ती मला खोटी वाटत नाही. हे पत्र आज लागू आहे का? महापालिकेकडे काय करावं लागतं? मुसकं (चावू नये म्हणून तोंडाला लावतात ते) सक्तीचं आहे का? ज्यांनी मोठी कुत्री पाळली आहेत त्यांनी कृपया सांगा.

धंतोलीची वकील
दादा, ते पत्र १२ मार्च २०२४ चं. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना लिहिलं होतं, की पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेताच काढलं होतं. तेव्हा त्या पत्राच्या जोरावर कोणी तुम्हाला कुत्रा हटवायला लावू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात, की सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही.

पण एवढं वाचून निश्चिंत होऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ नीट वाचा. ‘ताब्यातल्या’ प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना जो पुरेशी काळजी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागद भावाच्या नावावर आहेत म्हणून तुमची सुटका नाही. ब्रुनो तुमच्या अंगणात आला की ताबा तुमचा. कोणाला चावला आणि तुमचा निष्काळजीपणा दिसला तर कलम १२५ वेगळं लागतं, जखम गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत.

आपल्याकडे एखादा कुत्रा रीतसर ‘धोकादायक’ ठरवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक प्राणी बंदिस्त करण्याचा, विल्हेवाट लावण्याचा, अगदी मारण्याचाही आदेश देऊ शकतात. तिथे जात बघत नाहीत, त्या एका प्राण्यापासून धोका आहे का ते बघतात. शेजाऱ्यांच्या लेखी तक्रारी साचल्या की हाच रस्ता उघडतो.

कुत्र्याच्या नोंदणीचं महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयात विचारा, रेबीज लसीचं कार्ड सोबत न्या. आधी तुमचा भाग महापालिकेत येतो की ग्रामपंचायत, नगरपंचायतीत तेही बघा, बेसा भागात हा घोळ फार आहे. आणि भावाकडून हस्तांतराचा साधा कागद लिहून घ्या.

हुडकेश्वरची आई
मी विरोधात लिहून नाही राहिले, पण आमच्या मुलाला गल्लीतल्या पाळलेल्या कुत्र्याने मांडीला चावलं होतं. कुत्रा ‘धोकादायक’ यादीतला नव्हता, लॅब्रेडॉर होता. फाटक उघडं राहिलं एवढंच कारण. मालक चांगले लोक होते, मेडिकलला (सरकारी रुग्णालयात) आमच्यासोबत आले, पण माझं पोरगं अजूनही त्या गल्लीतून जात नाही. म्हणून विनंती आहे, भाऊ, की सगळ्यात आधी फाटकावर खर्च करा. दोन फाटकं लावा, मधे चार पावलांची जागा ठेवा, आतलं बंद झाल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही. बेल रस्त्याच्या बाजूला लावा, म्हणजे सिलिंडरवाला, कुरिअरवाला आत हात घालणार नाही. आणि छातीएवढी भिंत रॉटवायलरला काहीच नाही.

सेमिनरी हिल्स
मी पशुवैद्यक आहे. फाटकाबद्दल ताईंशी पूर्ण सहमत. पण भीतीपोटी त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवू नका. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हाही गुन्हा आहे. शिवाय बांधलेला कुत्रा जास्त चिडका होतो, हे आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांवरून मी खात्रीने सांगतो.

मुसक्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात चुकीचं मुसकं कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. कुत्र्याचं शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होतं. बाजारात मिळणारी कापडी, नायलॉनची नळी तोंड आवळून बंद करते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना काळ्या, जड अंगाच्या रॉटवायलरला ती लावून फिरवलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्या, ज्यात तोंड पूर्ण उघडतं, जीभ बाहेर येते, पाणी पिता येतं. माप घेताना तोंड उघडं असतानाच घ्या. त्याची सवय घरात लावा. आत चिकनचा तुकडा ठेवा, त्याला आपणहून तोंड घालू द्या, पट्टा काही दिवसांनी बांधा. उन्हाळ्यात फिरवणं उजाडण्याआधी, कारण संध्याकाळी सातलाही डांबर पंजे पोळण्याइतकं तापलेलं असतं.

नसबंदी करा, पण तिने स्वभाव बदलेल असं समजू नका. भटकण्याची आणि इतर नरांशी भांडण्याची ओढ कमी होते. रेबीजची लस दरवर्षी. आणि नवीन घरात आलेला कुत्रा पहिले काही आठवडे स्वतःला आवरून असतो, खरा स्वभाव नंतर दिसतो. त्या काळात मुलीला त्याच्याजवळ एकटं सोडू नका, विशेषतः तो खात असताना. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. कान किंवा कंबर दुखत असेल तर शांत कुत्राही अंगावर येतो.

लक्ष्मीनगर ते मेलबर्न
इथे व्हिक्टोरिया राज्यात नगर परिषद एखाद्या कुत्र्याला ‘धोकादायक’ जाहीर करते, सहसा त्याने कोणाला गंभीर जखमी केलं असेल तर. मग मालकाच्या मागे कायमची बंधनं लागतात. पिवळ्या-लाल पट्ट्यांची ठरावीक कॉलर, फाटकावर इशाऱ्याच्या पाट्या, मूल आत जाऊ शकणार नाही असा बंदिस्त वाडा, बाहेर पट्टा आणि मुसकं, शिवाय मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप). नागपुरात कोणी मागो न मागो, चिप बसवून घ्या आणि पाटी मराठी, हिंदी दोन्हीत लावा. शक्य असेल तर चित्रासकट, लहान मुलांसाठी.

बेसावाला
सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीवर जाळी आणि दुसरं फाटक होईपर्यंत ब्रुनो भावाकडेच राहील, हे पक्कं केलं. अजून दोन गोष्टी. विमा मिळतो का? आणि एवढं करूनही चावलाच, तर पहिल्या तासात काय करायचं?

धंतोलीची वकील
काही कंपन्यांच्या पाळीव कुत्र्याच्या पॉलिसीत तिऱ्हाइताच्या नुकसानीची जबाबदारी जोडून मिळते. जात लपवू नका, नाहीतर दावा नाकारतील. आणि सोसायटीला तुम्हीच लेखी कळवा: लसीच्या कार्डाची प्रत, नोंदणीचा पुरावा, फाटकाचे फोटो. ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा हे कामाला येतं.

सेमिनरी हिल्स
जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट बांधू नका. लगेच मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा. ब्रुनोला लस दिलेली आहे म्हणून थांबू नका, माणसाची लस त्याच दिवशी सुरू होते. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल) डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला १० दिवस बंदिस्त ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्या काळात कोणाकडेही पाठवायचं नाही. कार्डाचा फोटो आईंच्या फोनमध्येही आत्ताच टाकून ठेवा, तुम्ही ऑफिसात असाल तेव्हा त्यांना लागेल.