व्यायाम सुरू करण्याआधी गटाची फिटनेस चाचणी: काय मोजायचं, कसं मोजायचं?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीचा सकाळचा व्यायामगट सुरू होतोय. वयं ३८ ते ६४, बायका जास्त. दोघांना शुगर आहे, एका काकूंना बीपीची गोळी चालू आहे. चालणं, बैठका आणि हलके डंबेल एवढाच बेत. त्याआधी प्रत्येकाची चाचणी घेऊन आकडे वहीत लिहायचे आहेत. जवळ वजनकाटा, शिंप्याची टेप, दंडाला बांधायचं बीपी मशीन आणि मोबाइल आहे. कोणत्या चाचण्या घ्याव्यात आणि कोणत्या क्रमानं? एक जण म्हणतोय, सगळ्यांना १२ मिनिटं पळवा, त्यातच सगळं कळतं.

दमाणीनगर:
पळवू नका. १२ मिनिटांची ती चाचणी डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या सैनिकांसाठी मांडली. तीत जीव तोडून पळावं लागतं. साठीतल्या, वर्षानुवर्षं व्यायाम नसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ते सांगणं धोक्याचं आहे.

टेप हातात घेण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा: छातीत कधी दुखतं का, विश्रांतीत किंवा श्रमात? चक्कर येते का, शुद्ध हरपली होती का? हृदयाचा काही त्रास सांगितलाय का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? गुडघा, कंबर, खांदा? चारचौघांत विचारलं तर बायका "काही नाही" म्हणून मोकळ्या होतात. कशालाही होकार आला तर आधी डॉक्टर, मग चाचणी.

बीपी सगळ्यात आधी घ्या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून ५ मिनिटं गप्प बसवा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वर जातो. पट्टा उघड्या दंडावर बांधा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटंच जास्त दिसतं. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्या. १४०/९० च्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर त्या दिवशी चाचणीच नको.

कंबर परकराची किंवा पायजम्याची नाडी बांधतो त्या जागी मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप कातडीला लागेल पण रुतणार नाही अशी धरा. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंमीच्या पुढे गेली की काळजी घ्यायची. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की ताणते, एकदा स्टीलच्या टेपशी ताडून पाहा.

पहाटवारा:
दमासाठी १ मैल, म्हणजे १६०९ मीटर चालण्याची चाचणी घ्या. ३० ते ६९ वयासाठी ती तपासलेली आहे, तुमचा गट नेमका त्यात बसतो. सपाट रस्ता धरा आणि अंतर लांब टेपनं मोजून खुणा करा. छोट्या फेऱ्या मारताना मोबाइलचं अंतर हमखास चुकतं. पळायचं नाही, पण जमेल तितकं झपाझप चालायचं. संपताक्षणी वेळ लिहा आणि लगेच नाडी मोजा.

सगळं बिघडतं ते इथंच. थांबल्यावर नाडी झपाट्यानं उतरते, म्हणून ५ सेकंदांत मोजायला लागा. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठा नको, कारण त्याचे स्वतःचेच ठोके लागतात. १५ सेकंद मोजून चारनं गुणा. एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो, तेव्हा नाडी शोधण्याचा सराव आदल्या दिवशीच करून घ्या. आणि सगळ्यांना एकदम सोडू नका, दोघादोघांना ५ मिनिटांच्या अंतरानं.

दमाचा आकडा (VO2 max, म्हणजे जास्तीत जास्त श्रमात शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं ते) हवाच असेल तर: १३२.८५ मधून वजन (किलो) × ०.१६९५, वय × ०.३८७७, वेळ (मिनिटं) × ३.२६४९ आणि नाडी × ०.१५६५ वजा करा, पुरुषांसाठी ६.३२ मिळवा. ५० वर्षांच्या, ६५ किलोच्या बाईनं १७ मिनिटं घेतली आणि नाडी १३२ आली, तर साधारण २६ येतात.

चालून झाल्यावर १० मिनिटं विश्रांती, मग खुर्ची. ४३ सेंमी उंचीची, हात नसलेली. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयात बायकांचे १२ आणि पुरुषांचे १४ च्या खाली आले तर पायांची ताकद कमी समजा. प्लॅस्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते, ती भिंतीला टेकवूनच ठेवा. लवचीकपणा शेवटी, अंग गरम असताना.

शुगरवाल्यांना उपाशीपोटी आणू नका. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असेल तर चालण्याआधी शुगर तपासा, ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खाऊ द्या.

सातरस्ता:
एक भर घालतो. फेरचाचणी ८ आठवड्यांनी घेणार असाल तर ऋतू बघा. जानेवारीतल्या गड्डा यात्रेनंतर सुरुवात केलीत तर दुसरी चाचणी मार्चच्या अखेरीस येते, आणि तोवर सोलापूर तापलेलं असतं. उन्हात तेवढ्याच चालण्याला नाडी जास्त लागते. दम वाढला असूनही आकडा खराब दिसतो आणि माणसं हिरमुसतात. दोन्ही वेळा पहाटे साडेसहाच्या आत उरका, वहीत तापमान लिहा. रस्ता, बूट, वजनकाटा तेच ठेवा.

चरबीचं प्रमाण सांगणाऱ्या मशीनवर पैसे घालू नका. अंगातल्या पाण्यावर तिचा आकडा हलतो. आदल्या दिवशी घाम किती गेला, पाणी किती प्यायलं, एवढ्यानंही तो बदलतो.

होटगीरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकूंची गोळी अटेनोलॉल आहे. त्यांच्या नाडीचं काय?

दमाणीनगर:
ती गोळी नाडीला वर जाऊ देत नाही, त्यामुळे त्यांचा आकडा सूत्रात घालू नका, दम खोटाच चांगला दिसेल. चाचणीसाठी गोळी बंद करायची नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यांची फक्त वेळ लिहा, शिवाय चालताना पूर्ण वाक्य बोलता येत होतं की दोन-तीन शब्दांवर थांबावं लागत होतं, तेही लिहा. पुढे रोजच्या व्यायामातही त्यांना हेच माप लावा. गोळी किती वाजता घेतली तेही टिपा, फेरचाचणीला तीच वेळ ठेवा.