दुपारचं ठीक, रात्रीचं काय?

जेवणासाठी वर्गणी काढायचं इथं चाललंय, अन् त्यावर कोणीतरी लिहिलंय की नांदेडात कोणी उपाशी झोपत नाही, गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे. खरंय, तिथं जात-धर्म कोणी विचारत नाही, पंगतीत बसा अन् जेवा. पण तिथपर्यंत जाता आलं पाहिजे ना. मागच्या हिवाळ्यात आमचे मामा सरकारी दवाखान्यात बारा दिवस ॲडमिट होते तेव्हा कळलं, पेशंटला जेवण मिळतं पण सोबतचा माणूस वॉर्ड सोडून जाऊ शकत नाही, डॉक्टर राउंडला आले तर? गेटजवळ १० रुपयाची शिवभोजन थाळी मिळायची, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, पण फक्त दुपारी. शेजारच्या बेडवाली किनवटकडची आजी त्यातली एक चपाती पदरात बांधून ठेवायची अन् रात्री चहात बुडवून खायची.

साडेआठला दोन पोरं स्कुटीवर खिचडीचं पातेलं मधे धरून यायची, ना बॅनर ना फोटो. झोपायला म्हणाल तर बेघरांसाठी शहरात लाख लोकसंख्येमागं १०० जणांचा निवारा असावा असा नियम आहे, पण तो निवारा कुठंय हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, सगळे व्हरांड्यातच. त्यामुळे वर्गणी काढणारच असाल तर रात्री आठनंतरचं बघा, अन् सोबत चादरी घ्या, फरशी लई गार असते.