पानगळ, थडी, थापट्या : हिवाळी पाणपक्ष्यांचे शब्द

'ऑटम मायग्रेशन'ला मराठीत 'पानगळीतलं स्थलांतर' म्हटलं तर चालेल का, असं विचारलंय. माझ्या मते नाही चालणार. आपल्याकडे पानगळ शिशिरात होते, माघ-फाल्गुनात, आणि तोवर धरणावरचे पाहुणे परतीच्या तयारीला लागलेले असतात. ते येतात शरदात, आश्विन-कार्तिकात, पाऊस ओसरल्यावर, आणि हेमंतात म्हणजे मार्गशीर्ष-पौषात गर्दी भरात येते. तिकडच्या थंड देशांत पानं गळायला लागली की पक्षी निघतात, पण ते इथे पोचतात तेव्हा आपली झाडं हिरवीगार असतात आणि वर ऑक्टोबर हीट चालू असते. त्यामुळे 'शरदातलं स्थलांतर' म्हणा, बोलताना तर एवढंही लागत नाही, 'बदकं उतरली का' असं विचारलं की पक्षी बघणाऱ्या माणसाला सगळं कळतं. 'उतरणं' हे क्रियापद मला फार आवडतं कारण त्यात वरून येणंही आहे आणि मुक्कामाला थांबणंही.

विषय निघालाच आहे तर लिहिण्यातल्या दोन गोष्टी आधी सांगून टाकते. 'पक्षांचे थवे' असं सर्रास लिहिलं जातं, पेपरमध्येसुद्धा, पण पक्षांचे म्हणजे राजकीय पक्षांचे. पक्षी या शब्दाचं 'पक्ष्यांचे' होतं, तो य सोडायचा नाही. आणि नियमाने 'पक्षिनिरीक्षण' ह्रस्व, जसं मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय. आता बहुतेक जण दीर्घच लिहितात आणि त्यावरून मी कुणाशी भांडणार नाही, पण पक्ष्यांचा य मात्र पाहिजेच.

आता पाण्याचे शब्द. 'लेक'ला सरसकट 'सरोवर' लिहितात ते मला पटत नाही. लोणार हे सरोवर. पण उजनीचं भिगवणकडचं पाणी, जायकवाडीचा नाथसागर, नांदूर मध्यमेश्वर, ही सगळी धरणाची पाणी, आणि धरणाच्या मागे लांबवर पसरलेल्या पाण्याला आपल्याकडे 'फुगवटा' असा नेमका शब्द आहे, बॅकवॉटर म्हणायची गरजच नाही. पाणी कमी व्हायला लागलं की फुगवट्याच्या कडेची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात शेतकरी हरभरा, गहू असं काहीतरी पेरतात, ती 'गाळपेर'. पक्षी बघणाऱ्याने हा शब्द लक्षात ठेवावाच, कारण पट्टकादंब (बार-हेडेड गूज) पाण्यावर विश्रांती घेतात पण चरायला गवतावर आणि कोवळ्या पिकावर येतात, म्हणजे बघायचे तर दुर्बीण नुसती पाण्याकडे लावून उपयोग नाही. 'पाणथळ' आणि 'दलदल' यातही फरक आहे. दलदल म्हणजे पाय रुततो ती जागा, पाणथळ जास्त मोठा शब्द, त्यात दलदल, उथळ पाणी, ओली कुरणं सगळं आलं. नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेल्याचं 2020 साली जाहीर झालं, महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ, त्यानंतर हा शब्द बातम्यांतही जास्त दिसायला लागला, चांगलं झालं. तिथे गोदावरी आणि कादवा मिळतात आणि काठावरच्या एका गावाचं नावच खाणगाव थडी आहे. थड, थडी म्हणजे नदीचा काठ, पैलथडी ऐलथडी वाली. जुना शब्द गावाच्या नावात जिवंत आहे.

पण मला खरं बोलायचंय ते पक्ष्यांच्या नावांबद्दल. दोन प्रकारची नावं आहेत, एक लोकांनी बघून बघून ठेवलेली आणि दुसरी पुस्तकासाठी बनवलेली, आणि ऑक्टोबरमध्ये पाण्यावर गेलात की कुठली कामाची ते लगेच कळतं. बरेच बदकांचे नर विणीनंतर पिसं बदलतात आणि काही महिने मादीसारखेच तपकिरी दिसतात. इथे येतात तेव्हा पुष्कळांचे रंग अजून यायचे असतात. म्हणजे तेव्हा भुवई बदकाच्या नराला भुवई नसते, नावात आहे ती पांढरी ठसठशीत पट्टी हिवाळा सरत आल्यावर दिसते. तलवार बदकाची तलवार, म्हणजे ती शेपटीची लांब पिसं, तीही सुरुवातीला आखूड असते. नवीन माणूस पुस्तकातलं चित्र घेऊन बसतो आणि समोर सगळी तपकिरी बदकं, काय कळणार.

अशा वेळी थापट्या बघा. शॉव्हलरला आपलं नाव थापट्या, चोच अशी की कुणीतरी पुढून थापटून चपटी, रुंद केलीय. रंग आला असो नसो, नर असो मादी असो, चोच तीच. जवळून बघायला मिळाला तर त्याच्या चोचीच्या कडेला बारीक दाते दिसतात, त्यातून तो पाणी गाळतो, मान पुढे ताणून चोच अर्धी पाण्यात ठेवून चालल्यासारखा पोहत राहतो, आणि पुष्कळदा आठ-दहा जण गोल गोल फिरत एकमेकांच्या मागे तेच करत असतात, पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं मागच्याला मिळतं. एकदा हे बघितलं की थापट्या हा शब्द परत विसरत नाही. तसंच नाकट्या बदक, नराच्या चोचीवर तो मोठा उंचवटा (विणीच्या दिवसांत अजून मोठा होतो). तसाच धोबी. सप्टेंबरच्या शेवटाला काठावर हा दिसला की समजायचं मोसम सुरू झाला, पाण्याच्या कडेने तुरुतुरु चालणार आणि शेपूट सारखी वरखाली, काही ठिकाणी परीट म्हणतात, घाटावर कपडे आपटणाऱ्या माणसाची आठवण ज्याला पहिल्यांदा झाली त्याची नजर काय असेल. पांढरा, पिवळा, करडा असे धोबी बाहेरून येतात, भुवईवाला मोठा कवडा धोबी मात्र इथलाच, बारा महिने.

आणि वारकरी! कूट या पक्ष्याला कुणी कुणी चांदवा म्हणतात, पण वारकरी नाव मला जास्त जवळचं. काळंभोर अंग, पांढरी चोच आणि ती पांढराई थेट कपाळापर्यंत गेलेली, टिळा लावल्यासारखी. आणि एकटा क्वचितच, शेकड्यांनी एकत्र. बदकांत मोजतात त्याला पण तो बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे, बोटांना पडद्याऐवजी पाळीसारख्या झालरी असतात.

आता हंस. आपण चित्रात काढतो तो लांब मानेचा पांढरा हंस म्हणजे स्वान, तो भारतात अगदी क्वचित भरकटून येतो. संस्कृतातला हंस बहुतेक ठिकाणी गूज असावा असं मला वाटतं, आणि तिबेटातल्या तळ्यांवर वीण करून हिवाळ्यात खाली येणारा पट्टकादंब त्या वर्णनाला छान बसतो. शब्दही एकाच मुळाचे आहेत, संस्कृत हंस, लॅटिन आन्सर, जर्मन गान्स, इंग्रजी गूज, सगळी भावंडं. याचं नाव बरेच जण 'पट्टकदंब' लिहितात ते मात्र चूक. कदंब झाड, कादंब हंसाचा एक प्रकार, आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे म्हणून पट्ट. का दीर्घच पाहिजे. हा पक्षी हिमालय ओलांडून येतो, 7,000 मीटरपेक्षा जास्त उंचीवर उडताना त्याची नोंद झालेली आहे, कारण त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजनही नीट धरून ठेवतं. असा प्रवास करून आलेल्याचं नाव तरी आपण बरोबर लिहावं.

– ताई, छान लिहिलंय. पण मग बातमीत नेहमी 'सायबेरियातून आलेले परदेशी पाहुणे' असं येतं ते बरोबर का? आणि चक्रवाक आणि चकोर एकच का? शिवाय बगळा, बलाक, करकोचा यात माझा कायम गोंधळ होतो.

सायबेरिया अर्धं खरं. तलवार बदक, चक्रांग (कॉमन टील), भुवई बदक यांची वीण उत्तरेला फार दूरवर पसरलेली आहे, सायबेरियात पण. पण पट्टकादंब मंगोलिया, तिबेट, लडाखकडचे, मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पक्षी भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. आणि चक्रवाक लडाखमध्येही वीण करतो, म्हणजे त्यातला एखादा तर देशातल्या देशात आलेला असू शकतो. म्हणून 'परदेशी' न म्हणता 'हिवाळी पाहुणे' म्हणावं, ते सगळ्यांना लागू पडतं. रोहित म्हणजे फ्लेमिंगोचं अजून वेगळं, ते काही सायबेरियातून येत नाहीत, आपल्याकडे येणाऱ्यांतले पुष्कळ कच्छच्या रणाकडून येतात. (रोहित म्हणजे तांबडा. अग्निपंख पण म्हणतात, पण तो उडेपर्यंत पंखातली आग दिसत नाही, उभा असला तर रोहितच बरं.)

चक्रवाक आणि चकोर एक नाहीत. तीन 'च' आहेत आणि तिघांची कायम सरमिसळ होते. चातक पावसाबरोबर येतो, कोकिळेच्या कुळातला. चकोर डोंगरातला, तित्तिराच्या जातीचा, चांदणं पिण्याची कल्पना त्याची, तो तळ्यावर कधीच दिसणार नाही. चक्रवाक म्हणजे भगव्या-नारिंगी रंगाचं मोठं बदक, ब्राह्मणी बदक म्हणतात ते, उडताना पंखावर पांढरा मोठा भाग चमकतो. जोडीनेच असतो बहुतेक, आणि रात्री जोडीची ताटातूट होते, नदीच्या दोन थडींवरून एकमेकांना हाका मारतात असा कविसंकेत. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला माउलींनी हीच जोडी घेतलीय, बुद्धी आणि बोध भेदाच्या नदीच्या दोन काठांवर ओरडताहेत आणि सूर्य उगवल्यावर एकत्र येतात. मला ते वाचताना गोदावरीचाच काठ दिसतो, कारण हा पक्षी हिवाळ्यात नदीच्या वाळूवर, उथळ पाण्याच्या कडेला असतोच आणि अंधारात त्याचा तो घोगरा अनुनासिक आवाज खरंच लांबवर येत राहतो. ताटातुटीची कल्पना कवीची, पण रात्रीच्या हाका कानांनी ऐकलेल्या आहेत. अजून एक, हिंदीत यालाच चकवा म्हणतात, मराठीत 'चकवा लागणं' म्हणजे वाट चुकणं, म्हणून हिंदीतून उचलून चकवा लिहू नका, आपला चक्रवाकच ठेवा.

बगळा आणि बाकीचे उडताना ओळखायचे. बगळ्याची मान उडताना मागे दुमडलेली, एस अक्षरासारखी. चित्रबलाक, मुग्धबलाक हे बलाक म्हणजे स्टॉर्क मान सरळ पुढे ताणून उडतात, आणि क्रौंच म्हणजे क्रेनही. करकोचा हा शब्द मात्र लोक दोघांनाही वापरतात, बलाकालाही आणि क्रौंचालाही, त्यामुळे लिहिताना तो टाळलेला बरा, गोष्टीतल्या कोल्ह्याबरोबर राहू दे. चित्रबलाक झाडावर घरटी करतो, क्रौंचाचं मागचं बोट लहान आणि वर असतं, त्याला फांदी धरता येत नाही, म्हणून तो झाडावर बसत नाही. झाडावर लांब पायांचा मोठा पक्षी बसलेला दिसला तर निदान एक नाव तरी खोडता येतं.

– आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात, मोठे ते तलाव, माजी मालगुजारी तलावांना सगळे मामा तलावच म्हणतात. आणि सारस हा पण क्रौंचाच्याच कुळातला ना? तो आमच्याकडे बारा महिने असतो, धानाच्या बांधीत घरटं करतो.

हो, सारस त्याच कुळातला, आणि तो पाहुणा नाही, घरचा. बोडी शब्द इथे आणलात फार बरं केलंत. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या बाजूला राहून तिथल्या लोकांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि पक्षिकोशात आणली, नाहीतर आपल्याकडे त्यातली किती उरली असती कोण जाणे. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, मधला आठवडा राज्य सरकारने 2020 पासून पक्षी सप्ताह केलाय. त्या आठवड्यात पक्ष्यांची मोजणी, फेऱ्या सगळं होतं, तर त्याच वेळी आपापल्या गावच्या मासेमारांना पक्ष्यांची नावं विचारून लिहून काढायला काय हरकत आहे, रोज पाण्यावर असतात ते.

क्रियापदांचं राहिलं. खंड्या आणि नदी सुरय वरून पाण्यात पडतात तो 'सूर मारणं'. पाणकावळा आणि टिबुकली पाण्यावरूनच आत जातात ती 'बुडी'. आणि कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो त्याला 'घिरट्या घालतो' लिहितात ते चूक, घिरट्या गोल फिरणाऱ्या घारीच्या. हा अधांतरी थांबतो आणि मग सूर मारतो. फक्त भोवत्या या शिकारी पक्ष्याचं (हॅरियर) उडणं, तो जो गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून, इकडून तिकडे शोधत जातो, त्याला मला एका शब्दात काही सापडत नाहीये. भोवत्या नावातच थोडं आहे ते. तुमच्याकडे मेंढपाळ किंवा शेतकरी काही म्हणत असतील तर जरूर लिहा, गावासकट.